पत्ती, पट्टी, पट्टा

आदिलाबादच्या मेन रोडवर एक जुनं अडतीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं एवढंच. कित्येक वर्षांत तिथं काही विकलं गेलेलं नाही. पुढच्या ओट्यावर मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा बसतो, शेजारी संध्याकाळी पाणीपुरीची गाडी लागते आणि दोघांच्या मागं सागवानी फळ्यांचा दरवाजा बंद असतो. एकेक फळी खाचेत सरकवून शेवटच्या फळीला कुलूप लावायचं, तसला. कमानीवर फसली सन कोरलेला आहे. दर दिवाळीला चुन्याचा थर बसत गेला, म्हणून आता 13 एवढंच वाचता येतं. पुढचे दोन आकडे चुन्यात बुडाले.

मी मावल्याची. मावला आदिलाबादपासून पाच-सहा किलोमीटर, नागपूर-हैदराबाद हमरस्त्याला लागून. 2016 च्या दसऱ्याला तेलंगणातले जिल्हे फोडले, तेव्हा आमचं गाव मंडलाचं ठिकाण झालं. घरात मराठी, शाळेच्या फळ्यावर मराठी आणि तेलुगू, मेन रोडवर दख्खनी वळणाची हिंदी, आठवडी बाजारात गोंडी. तेलुगूत कापसाला पत्ती म्हणतात. मराठीत अडत्या माल विकल्यावर हिशेबाचा जो कागद देतो ती पट्टी. आणि जमिनीच्या मालकीचा तो पट्टा, हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. लहानपणी मला हे तिन्ही शब्द एकमेकांचे भाऊ वाटत, कारण घरात ते एका दमात बोलले जात. पत्ती विकली, पट्टी आणली, पट्टा सोडवला. किंवा पट्टा सुटला नाही.

आमच्या आबांचा कापूस याच दुकानात जायचा, आणि मी ते दुकान पाहिलं ते बंडीत बसून, मागच्या बाजूनं. पुढची बाजू मेन रोडची: गादी, लोड, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, मागं तिजोरी, वर मालकाचं राहतं घर. बंड्या शिरायच्या त्या मागच्या बोळातल्या फाटकातून. आत फरशीचा चौक, एक विहीर, कडुनिंब. निंबाच्या सावलीत बैल सोडायचे आणि कापसाच्या ढिगावर बसून नंबर लागायची वाट पाहायची. मला आत जायला बंदी नव्हती, मी लहान होते. पण चौकातून गादीच्या खोलीत उघडणाऱ्या दाराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईनं ओलांडला नाही.

आजी तर बंडीतही बसली नाही. ती वेचणीची. कापसाचं शेत ज्यांनी लांबून, बसच्या खिडकीतून पाहिलं असेल त्यांना ते पांढरंशुभ्र, मऊ वाटत असेल. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात आणि कापूस त्या टोकांमध्ये बसलेला असतो. चिमटीनं तो नीट ओढून काढावा लागतो. पाचोळ्याचा कण चिकटला तर भाव पडतो, घाई केली तर बोटाला टोक लागतं. दसऱ्याच्या आसपास पहिली वेचणी. तिच्या आधी आजी पऱ्हाटीपुढं सीतादही करायची: दहीभात, हळदकुंकू, चार ओळींत शिंपडलेलं दही. मग कमरेला फडकं बांधून ओटी करायची आणि वाकायचं ते थेट सूर्य कलेपर्यंत. दुसरी वेचणी, तिसरी वेचणी, शेवटी फरदड. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट मरेपर्यंत खडबडीत होतं. ती माझ्या गालावरून हात फिरवायची तेव्हा ते बोट वेगळं ओळखू यायचं.

आबा बाजारातून आले की ती एकच विचारायची, “भाव काय भेटला?” आणि आबांचं उत्तर बहुतेक वेळा असं असायचं: “पट्टी पाहा लागल.” पट्टी म्हणजे पैसे हातात पडल्यानंतरचा कागद. आपला माल कोणत्या भावानं गेला हे विकणाऱ्यालाच विकून झाल्यावर कळायचं. हे कसं, ते मला फार उशिरा उलगडलं. आजीनंच सांगितलं, तिला आबांनी सांगितलं होतं.

त्या गादीवर सौदा रुमालाखाली व्हायचा. हत्ता म्हणतात त्याला. कापसाच्या ढिगातून खरेदीदार मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून धागा ओढून पाहायचा, मग अडत्याकडं हात पुढं करायचा. अडत्या आपल्या उपरण्याचा पदर दोघांच्या हातांवर टाकायचा. आत बोटं बोलायची. एक बोट दाबलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. तोंडं मात्र गप्प, किंवा पावसापाण्याच्या गप्पा. एका खरेदीदाराचा हात सुटला की दुसऱ्याचा आत. आबा शेजारीच उभे. त्यांचा वर्षभराचा माल त्या कापडाखाली विकला जायचा आणि त्यांना दिसायचं ते फक्त कापड, वरखाली होणारं.

कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेलाही कापड आणि कापूस विकणाऱ्याच्या हातावरही कापड. एकात कापूस गोळा व्हायचा, दुसऱ्यात भाव लपायचा. मी हे लिहिते आहे तेव्हाही मला राग येतो, आणि हा राग पुसून टाकून त्या इमारतीबद्दल काही लिहावं असं मला वाटत नाही.

आमच्या घरात पत्र्याचा एक डबा आहे, बिस्किटांचा. त्यात आबांच्या आणि पुढं बाबांच्या पट्ट्या आहेत. काही मोडीत, काही उर्दूत, पुढच्या बाळबोधीत, अलीकडच्या तेलुगूत छापलेल्या. एका बाळबोध पट्टीवर मी एकदा वजावटीची बाजू वाचत गेले. अडत. हमाली. तोलाई. मापाई. कडता, म्हणजे वजनातून सूट. वटाव, म्हणजे रोख दिल्याबद्दल कापलेलं. धर्मादाय. गोरक्षण. धर्मादायाला माझा विरोध नाही. पण आबांच्या घामातून अडत्यानं केलेल्या धर्माचं पुण्य कुणाच्या खात्यावर पडलं, हा प्रश्न आजीनं विचारलेला मला आठवतो. तिला वाचता येत नव्हतं. कपातीची नावं मात्र तिला ओळीनं पाठ होती.

हे सगळीकडं होतं. 1926 साली लॉर्ड लिनलिथगोंच्या अध्यक्षतेखाली शाही कृषी आयोग नेमला गेला, 1928 साली त्याचा अहवाल आला. बेबंद बाजारांतल्या असल्या कपातींची आणि कापडाखालच्या सौद्यांची त्या अहवालात दखल आहे, आणि देशभर नियंत्रित बाजार करावेत अशी शिफारसही. आयोगासमोर तेव्हा एक नमुना तयार होता: वऱ्हाडचा.

वऱ्हाड आम्हाला परकं नाही. मावल्यातून उत्तरेला निघालं की पैनगंगा लागते, ती ओलांडली की पांढरकवडा, पुढं यवतमाळ, दारव्हा, आणि मग कारंजा लाड. आमच्या घरातली माणसं कारंजाला जातात ती गुरुमंदिरासाठी, नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव म्हणून. मायला घेऊन मीही गेले आहे. पण दर्शन झाल्यावर मी वेशींच्या बाजूला गेले: दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. एवढ्या वेशी लागाव्यात इतकी संपत्ती या गावात होती. 1670 साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं, तेव्हा सोनं-चांदी आणि उंची कापड वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं इतिहासकार लिहितात. इथल्या एका सावकाराच्या हवेलीची आख्यायिका तर वऱ्हाडात घरोघर सांगतात. कस्तुरीनं लादलेले उंट गिऱ्हाईक न मिळता परत निघाले, सावकाराला तो गावाचा अपमान वाटला, त्यानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवली. कस्तुरीची हवेली. लोक अजून म्हणतात की पावसात भिंती ओल्या झाल्या की वास यायचा.

मला त्या हवेलीपेक्षा कारंजाची दुसरी गोष्ट मोठी वाटते, आणि ती कुणी आख्यायिकेसारखी सांगत नाही. 1886 साली, हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमानं, कारंजाला कापसाचा बाजार स्थापन झाला. सरकारच्या नियमाखाली चालणारा भारतातला पहिला बाजार तो. वऱ्हाड त्या वेळी नावाला निजामाचं होतं, पण 1853 च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडं गेला होता आणि रेसिडेंट तो हैदराबादहून पाहत होता. पुढं 1897 साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. विक्री ठरल्या आवारात व्हावी, वजनं तपासलेली असावीत, अडते-तोलारे परवान्याचे असावेत, कपाती ठरलेल्या असाव्यात.

हे शेतकऱ्यावरच्या प्रेमापोटी झालं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, 1870 साली लॉर्ड मेयो खुद्द खामगावात येऊन तिथल्या फाट्याचं उद्घाटन करून गेला. कापूस स्वच्छ, बिनभेसळीचा आणि वेळेवर यावा म्हणून बाजार नीट हवा होता. 1897 च्या कायद्याखालच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचा भरणा होता; ज्याचा कापूस त्याला खुर्ची नव्हती. तरीही मी त्या हुकमाला कमी लेखणार नाही. सौद्याला एक जागा असावी, तिथं चारचौघांच्या देखत भाव व्हावा, आणि मोडणाऱ्याला शिक्षा असावी, हे कागदावर आलं. पुढं त्याच कागदाचा हात धरून शेतकरी समितीत शिरला.

पैनगंगेच्या अलीकडं, म्हणजे आमच्या बाजूला, खास निजामाचा अंमल. हैदराबाद संस्थानचा शेतमाल बाजाराचा कायदा 1339 फसलीत झाला, म्हणजे 1930 च्या सुमारास. कारंजानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. आणि कायदा झाला म्हणून मेन रोडवरचा रुमाल लगेच घडी करून ठेवला गेला असंही नाही. आवाराबाहेर, जुन्या ओळखीवर, उचल दिलेल्या शेतकऱ्याच्या मालावर तो आणखी बरीच वर्षं पसरत राहिला. ज्याच्याकडून पेरणीला पैसे घेतले त्याच्याच गादीवर माल टाकायचा, ही बांधिलकी कायद्यानं सुटत नाही.

आबा तरुण असताना कधीमधी बंडी घेऊन नदीपलीकडं जायचे. पलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया, इकडं निजामाचा हाली शिक्का. शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली पडायचे, म्हणून पलीकडचा भाव ऐकायला कमी पण हातात जड. वाटेत करोडगिरीचा नाका, संस्थानच्या जकातीचा. आबा सांगायचे की नाका चुकवायचा तर पाणी उतरल्यावर उतार शोधावा लागे आणि बैलांच्या घुंगरमाळा काढून बंडीत ठेवाव्या लागत. घुंगरांशिवाय चालताना बैल बावरायचे म्हणे.

तीच नदी माझ्या लहानपणी पुन्हा जागी झाली, उलट्या बाजूनं. महाराष्ट्रानं 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्यानं सरकारी यंत्रणेलाच कापूस द्यायचा, व्यापाऱ्याला नाही. हेतू चांगला होता: रुमाल, कडता, वटाव सगळंच संपवायचं. काही वर्षं भाव चांगला मिळालाही. पण चुकारा वेळेवर मिळेना, ग्रेडवरून भांडणं, केंद्रावर दिवसचे दिवस रांगा. मग बाहेर भाव चढला की पांढरकवडा-वणीकडचा कापूस रात्री पैनगंगा ओलांडून आमच्याकडं यायचा. आदिलाबादच्या जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं त्या कापसावर हलती राहिली. एखाद्या वर्षी उलटं व्हायचं, एकाधिकाराचा भाव वर आणि इकडचा कापूस तिकडं. 2002 च्या सुमारास तो एकाधिकार प्रत्यक्षात संपला. मला आठवतात त्या मावल्यावरून रात्री जाणाऱ्या गाड्या. ताडपत्री गच्च बांधलेली, आणि सकाळी हमरस्त्याच्या कडेच्या बाभळींना लटकलेले कापसाचे पांढरे झुबके. आजी ते वेचून आणायची, वाती करायला.

आबांनी घुंगरं काढून चुकवलेला नाका आणि त्या ताडपत्रीच्या गाड्या यांच्यात मला एकच गोष्ट दिसते. शेतकरी दर पिढीत त्या जागेच्या शोधात निघाला जिथं भाव मोठ्यानं बोलला जातो. ती जागा मिळेल तिथं, नदी ओलांडून, जकात चुकवून, कायदा मोडून तो गेला.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या दुकानात पहिल्यांदा आत गेले. मालकाच्या घरातला नातू हैदराबादहून आला होता. जागेचं काही ठरवायचं होतं. खाली गाळे, वर हॉल असं काहीतरी. मी शाळेत शिकवते, त्याच्या चुलतभावाची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढ्या ओळखीवर विचारलं. तो मुलगा सभ्य. म्हणाला, “या मॅडम, बघा, पण धूळ लय आहे.” मी मुद्दाम मेन रोडच्या दारातून गेले नाही. मागच्या फाटकानं आत गेले, चौक ओलांडला आणि त्या उंबऱ्यावर पाय ठेवला. दगडी उंबरा, मधोमध झिजून खोलगट झालेला. इतक्या पायांनी तो झिजवला होता, आणि त्यांत आमच्या आबांचेही होते.

आत गादी नव्हती, तिजोरी नव्हती. जाळी लागलेली उतरत्या झाकणाची पेटी होती, रिकामी. मी वर पाहिलं. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी होती, मनगटाएवढी जाड, आणि कडीत आकडा. काट्याची दांडी याला टांगायचे. आकड्याच्या आतल्या बाजूला लोखंड झिजून चमकत होतं, एवढ्या वर्षांनीही, आणि कडीखाली तुळईच्या सागवानात बोटभर खाच पडली होती. मी नातवाकडून स्टूल मागून घेतलं आणि त्या खाचेत बोट घालून पाहिलं. गुळगुळीत होती. लोखंडानं लाकूड असं गुळगुळीत कापायला किती खंडी कापूस तिथं लटकला असेल! खंडी हे माप आजही मेलेलं नाही. रुईचा भाव बाजारात अजून 356 किलोच्या खंडीतच बोलला जातो. या भागातल्या किती घरांची वर्षं त्या खाचेतून गेली असतील याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. तो त्या लाकडातच आहे.

नातवानं विचारलं, “याचं काय महत्त्व आहे मॅडम? आमच्याच घरात म्हणतात, पाडून टाका. लोक शिव्याच देतात या दुकानाला.” मी त्याला खरं ते सांगितलं. शिव्या देण्यासारखं इथं घडलं आहे, माझ्या घरच्यांच्या बाबतीतही घडलं असेल. पण पेरणीच्या वेळी दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा इथूनच बियाण्याला पैसे मिळाले, बाबांच्या आजारपणात मुनिमानं पट्टी न मागता रक्कम काढून दिली, हेही खरं. आपल्याकडं गड राखायचे, देवळं राखायची हे सगळ्यांना पटतं, आणि पटायलाच हवं. पण ज्या जागेत कुणब्याच्या घामाचा आकडा ठरला ती जागा राखावी असं कुणाला वाटत नाही, कारण तिथं लढाई दिसत नाही. मला ती त्या खाचेत दिसली. निदान कडी आणि तुळई काढून ठेव, कुठं द्यायची ते मी पाहते, असं मी म्हटलं. तो बरं म्हणाला. पाहू.

हैदराबादला गेले की कोटीच्या बाजूनं जाताना मी रेसिडेन्सीकडं पाहते. जेम्स किर्कपॅट्रिकनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला उंच खांबांचा वाडा. कारंजाच्या बाजाराचा हुकूम निघाला तेव्हा रेसिडेंट तिथं राहत होता. त्या वाड्यात 1949 पासून मुलींचं कॉलेज आहे, आता विद्यापीठ झालं आहे, आणि 2024 साली सरकारनं त्याला चाकली ऐलम्मा हे नाव दिलं. पालकुर्तीची ही परटीण बाई. विसनूरच्या देशमुखानं तिचं उभं पीक उचलून न्यायला माणसं पाठवली, तेव्हा ती हटली नाही. शेतकऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे संघमच्या, कार्यकर्त्यांना घेऊन तिनं आपलं धान्य आपल्या घरात आणलं. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात लोक तिचं नाव घेऊन उठले. ज्या वाड्यातून इंग्रजांनी कापसाच्या बाजारावर नजर ठेवली, त्याच वाड्याला आपलं पीक न सोडणाऱ्या बाईचं नाव लागलं. मी मुलींना हे वर्गात सांगते. कापूस वेचायला जायचं म्हणून शाळेला दांडी मारणाऱ्या मुली असतात माझ्या वर्गात, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यांना हे आधी सांगते.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. साठ वर्षं तिनं कापूस वेचला, आणि काटा कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. बाबा गेल्यावर शेत मायच्या नावावर झालं, पट्टादार पासबुक तिच्या नावाचं आलं. पहिली काही वर्षं चुलतभाऊ गाडी घेऊन जायचा, पैसे मायच्या खात्यात यायचे. 2025-26 च्या हंगामात ती म्हणाली, “यंदा मी येतो यार्डात. मले पाहाचं हाय.”

कापूस महामंडळाला विकायचा तर आता मोबाइलवर ‘कपास किसान’ अॅपवर आधी दिवस घ्यावा लागतो. तो मी घेतला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, ओलावा आठ टक्के असेल तर. वरच्या प्रत्येक टक्क्याला 81 रुपये 10 पैसे कमी. बाराच्या वर गेला तर घेतच नाहीत. त्या वर्षी पाऊस लांबला होता, सकाळी दव पडायचं, आम्ही चार दिवस कापूस अंगणात पसरून पालटत होतो. पहाटे चारला गाडी निघाली. मायनं आजीचं वेचणीचं फडकं कमरेला बांधलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

यार्डात रांग होती. बाया होत्या, पण गाडीजवळ बसलेल्या, यंत्राजवळ पुरुष. नंबर आला तसा एक पोरगा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. दोन सुया कापसात खुपसल्या, आकडा पाहिला, शेजारच्याला काही सांगितलं आणि निघाला. दोन सेकंदांचं काम. त्यानं आकडा लपवला नव्हता, पण तो आम्हाला दिसलाही नव्हता. माय पुढं झाली आणि त्याच्या मनगटाला हात लावला.

“बाळा, यंत्र माह्याकडं फिरव.”

तो मराठीच होता. थांबला, यंत्र फिरवलं. त्यावर 11.8 होते. मायला आकडे वाचता येतात. ती म्हणाली, “वरच्या थराले दव हाय. आतून घे.” त्यानं कुरकुर न करता हात कोपरापर्यंत ढिगात घालून पुन्हा सुया खुपसल्या, तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं. अकरा आले. क्विंटलला 7866 रुपये 70 पैसे. त्यानं तो आकडा मोठ्यानं सांगितला, आमच्या मागच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल इतका. मागच्या गाडीवरची बाई उतरून यंत्राजवळ आली.

गाडी काट्यावर चढली, उतरली. खिडकीतून कागद बाहेर आला. मायनं तो दोनदा वाचून घेतला माझ्याकडून, वजन, ओलावा, भाव, रक्कम, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव. मग घडी करून ओटीत खोचला. घरी आल्यावर तिनं बिस्किटांचा डबा काढायला लावला. मोडीतल्या, उर्दूतल्या, बाळबोधीतल्या, तेलुगूतल्या त्या सगळ्या पट्ट्यांच्या वर तिनं तो कागद ठेवला. त्या डब्यात बाईच्या नावाची ती पहिली पट्टी आहे.